टिंबाभोवतीचं वर्तुळ: भू-डेटाची गुणवत्ता आणि लष्करी निर्णय

प्रश्न जीआयएस (संगणकावरची भौगोलिक माहिती प्रणाली) शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "आता अर्ध्या मीटरपेक्षा बारीक उपग्रहचित्रं मिळतात, प्रत्येक वाहनात जीपीएस आहे. मग लष्करी निर्णयांच्या बाबतीत डेटाच्या गुणवत्तेचा विषय अजून एवढा का चघळला जातो? आणि गुणवत्ता कमी असली तर निर्णयावर नेमका परिणाम काय होतो?"

मी २३ वर्षं नकाशे, भूप्रदेशाचं विश्लेषण आणि त्यातून निघणारा सल्ला हेच काम केलं, त्यातली बरीच वर्षं गणवेशातल्या माणसांच्या शेजारी बसून. उत्तर लांबणार आहे, कारण प्रश्नातच एक गैरसमज दडलाय आणि तो आधी उकलायला हवा.

गैरसमज हा, की चित्र जितकं स्पष्ट तितकी जागा बरोबर. चित्रात गाडीचा टप दिसतो म्हणून त्या गाडीचे अक्षांश-रेखांश बरोबर ठरत नाहीत. रिझोल्यूशन म्हणजे किती बारीक दिसतं. अचूकता म्हणजे जे दिसतंय ते जमिनीवर खरोखर तिथेच आहे का. ५० सेंटिमीटरचं चित्र नियंत्रणबिंदू (जमिनीवर नेमकी मोजलेली ठिकाणं) न घेता बसवलं असेल तर अख्खं चित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं, आणि नुसतं चित्राकडे बघून ते ओळखता येत नाही. शिवाय उपग्रह सरळ खाली बघत असतो असं क्वचितच घडतं. तो ३० अंश तिरका असेल तर ४० मीटर उंच इमारतीचं छप्पर चित्रात तिच्या पायथ्यापासून सुमारे २३ मीटर बाजूला पडतं. नवखा माणूस छपराच्या मधोमध क्लिक करतो आणि आकडे लिहून घेतो. ते आकडे बहुधा पलीकडच्या रस्त्याचे असतात, नाहीतर शेजारच्या घराचे.

म्हणून आमच्या धंद्यात टिंब एकटं द्यायचं नसतं, त्याच्याभोवतीचं वर्तुळही द्यायचं असतं. सीई-९० दहा मीटर आहे असं म्हटलं तर त्याचा अर्थ, अशा शंभर टिंबांपैकी साधारण नव्वद खऱ्या जागेपासून दहा मीटरच्या आत असतील. उरलेली दहा कुठे असतील, याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही. उंचीसाठी तसंच एलई-९०. शस्त्रांच्या माहितीपत्रकात मात्र बहुधा सीईपी लिहिलेलं असतं, आणि ते पन्नास टक्क्यांचं वर्तुळ. ५ मीटर सीईपी आणि ९ मीटर सीई-९० ही जवळजवळ एकच अचूकता आहे, पण एका तक्त्यात दोन्ही शेजारीशेजारी आले की भलेभले ५ आणि ९ची तुलना करत बसतात. हे मी डझनभर वेळा तरी पाहिलंय.

हे वर्तुळ निर्णयात कसं शिरतं ते एका हिशेबाने बघा. लक्ष्याची जागा ३० मीटरच्या वर्तुळात माहीत आहे, शस्त्राची स्वतःची चूक १० मीटर. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुकांची सरळ बेरीज करत नाहीत; वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात. एकूण झाले ३१.६ मीटर. आता पाण्यासारखा पैसा ओतून शस्त्राची चूक १० वरून ३ मीटरवर आणा. एकूण होतात ३०.१. दीड मीटर कमावला! खरी चूक जागेच्या माहितीत बसलेली आहे आणि शस्त्र कितीही हुशार असलं तरी ते दिलेल्या पत्त्यावरच जाणार. वर्तुळ मोठं असलं की कमांडरपुढे वाटा मोजक्याच उरतात. जास्त किंवा मोठा दारूगोळा वापरायचा, म्हणजे आजूबाजूच्या वस्तीला धोका वाढवायचा. आणखी टेहळणी करायची, म्हणजे वेळ घालवायचा. नाहीतर लक्ष्य सोडून द्यायचं. अमेरिकी पद्धतीत लक्ष्याच्या जागेची चूक सहा वर्गांत मांडतात: पहिला वर्ग ६ मीटरपर्यंत, सहावा ३०५ मीटरच्या पलीकडे. मला ही पद्धत आवडते, कारण वर्ग उच्चारला की खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी कळतं की आपण सुईने टोचतोय की कुऱ्हाडीने तोडतोय.

पण वर्तुळ वाटेत गळून पडतं. लष्करी ग्रिडमध्ये सहा आकडी संदर्भ १०० मीटरचा चौकोन सांगतो, आठ आकडी १० मीटरचा, दहा आकडी १ मीटरचा. समजा, कुणीतरी १:५०,००० च्या कागदी नकाशावरून जागा वाचली. त्या नकाशावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर; पेन्सिलीचं टोक जरा बोथट असलं तरी तेवढं जातंच. इमानदारीने तो फार तर आठ आकडे देऊ शकतो, तेही हात राखून. पण पुढच्या टेबलावरच्या संगणकाच्या चौकटीत दहा आकडे लागतात, म्हणून कारकुनी हात शेवटी शून्यं जोडतो. त्याच्या पुढच्या टेबलावर हीच जागा '१ मीटर अचूक' म्हणून पोचते. यात खोटं कुणीच बोललेलं नसतं.

याचं सर्वांत महागडं उदाहरण म्हणजे युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेड, ७ मे १९९९. नाटोच्या मोहिमेत अमेरिकी बी-२ विमानाने पाच जेडॅम बाँब टाकले, म्हणजे दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर जीपीएसच्या मदतीने जाणारे. ज्या इमारतीवर टाकायचे ठरले होते तिथेच ते पडले. फक्त ती इमारत युगोस्लाव्हियाच्या शस्त्रखरेदी संचालनालयाची नव्हती, चीनच्या दूतावासाची होती. तीन चिनी पत्रकार मारले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जे सांगितलं, ते मी प्रत्येक नव्या तुकडीला वाचायला लावायचो. लक्ष्याचा रस्ता आणि घरक्रमांक माहीत होता, पण अक्षांश-रेखांश नव्हते. मग समांतर रस्त्यांवरच्या माहीत असलेल्या घरक्रमांकांवरून अंदाज बांधत जागा ठरवली गेली. ही पद्धत मुळात रानात दूरच्या टेकडीची जागा काढायला शिकवतात. घरं तशी रांगेत, सारख्या अंतरावर बसत नाहीत. खरं संचालनालय तिथून सुमारे ३०० मीटरवर होतं.

इथवरची चूक एका माणसाच्या पद्धतीची. पण अशी चूक पकडण्यासाठीच पुढे चाळण्या असतात. हल्ला न करायच्या जागांच्या नोंदींशी ताडून पाहिलं तेव्हा तिथे दूतावास दिसला नाही, कारण दूतावास १९९६ मध्येच नव्या जागी गेला होता आणि नोंदींत जुनीच जागा होती. वापरलेल्या नकाशांतही नवी जागा नव्हती, त्यातला एक १९९७ चा असूनही. म्हणजे जिथे जिथे तपासलं तिथे तिथे 'ठीक आहे' आलं, आणि सगळीकडची माहिती सारखीच शिळी होती. तीन साक्षीदारांनी एकाच माणसाकडून ऐकलेलं सांगितलं तर त्या तीन साक्षी होत नाहीत. एका मधल्या फळीच्या अधिकाऱ्याला शंका आली होती, त्याने फोनही केले होते. शंका वरपर्यंत ताकदीने पोचली नाही. डेटाबेसमध्ये 'शंका' नावाचा रकानाच नव्हता, असं मी नेहमी म्हणतो. थोडं अतिशयोक्त आहे, पण फार नाही.

यावरून एक सवय लावून घ्या. नकाशावर छापलेलं वर्ष हे सर्वेक्षणाचं वर्ष नसतं. पत्रकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सर्वेक्षण कधी झालं, हवाई छायाचित्रं कधीची, दुरुस्ती कशाची केली आणि कशाची नाही, ते लिहिलेलं असतं. रस्ते यंदाचे आणि इमारती दहा वर्षांपूर्वीच्या, असं एकाच पत्रकावर सर्रास असतं.

आता उंची. वर्गात हा भाग आला की लोक घड्याळाकडे बघायला लागतात, आणि मैदानात याच भागाने माझी झोप उडवलेली आहे.

जीपीएस जी मूळ उंची मोजतं ती एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या आकाराशी जुळवलेल्या एका गुळगुळीत गणिती पृष्ठभागापासूनची. नकाशावरच्या समोच्च रेषा समुद्रसपाटीपासूनच्या असतात, म्हणजे व्यवहारात जिओइडपासूनच्या. या दोन पृष्ठभागांत जगभर सारखं अंतर नसतं. न्यू गिनीजवळ जिओइड सुमारे ८५ मीटर वर आहे, तर हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला सुमारे १०६ मीटर खाली. समजा, ज्या भागात जिओइड ६० मीटर खाली आहे तिथे एका टेकडीची उंची नकाशावर ५०० मीटर दिलीय. एलिप्सॉइडच्या हिशेबात तीच उंची ४४० होते. शस्त्राला एलिप्सॉइडची उंची हवी होती आणि कुणीतरी नकाशावरचा ५०० हा आकडा भरला, तर शस्त्राच्या दृष्टीने लक्ष्य हवेत ६० मीटर वर आहे. ते त्या हवेतल्या बिंदूतून अगदी अचूक जाईल आणि पुढे कुठेतरी जमिनीला भिडेल. किती पुढे, ते कोनावर अवलंबून. ६० अंशांत खाली येत असेल तर साधारण ३५ मीटर, ४५ अंशांत पूर्ण ६०, आणि ३० अंशांत उतरत असेल तर १०० मीटरच्याही पलीकडे. अक्षांश-रेखांश मिलिमीटरपर्यंत बरोबर असूनही!

म्हणून उंचीचा आकडा आला की मी पहिला प्रश्न विचारतो, "कशापासून?" समोरचा गप्प बसला तर तो आकडा मी वापरत नाही. यावरून मला खडूस म्हणणारे बरेच निघाले.

आडव्या दिशेचा भाऊबंद म्हणजे डेटम. प्रत्येक देशाने आपापल्या भागाला नीट बसेल असा पृथ्वीचा आकार धरून नकाशे काढले. एव्हरेस्ट १८३०, टोकियो, युरोपियन १९५०, अशी नावं तुम्ही सॉफ्टवेअरच्या यादीत पाहिली असतील. जुन्या टोकियो डेटमवरचे आकडे जसेच्या तसे जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ या डेटममध्ये टाकले तर जागा ४०० मीटरहून जास्त सरकते. हे सरकणं फसवं असतं, कारण सगळा थर (एका विषयाचा नकाशा-डेटा) एकसंध सरकतो. एक गाव चुकलं तर डोळ्याला खुपतं. सगळा जिल्हा एका दिशेला सरकला तर आतली अंतरं, दिशा, आकार सगळं बरोबरच दिसतं. वेगवेगळ्या देशांची सैन्यं एकत्र काम करतात तेव्हा तर हे हमखास होतं.

लिहिण्याच्या पद्धतीचाही उल्लेख करून टाकतो. १८ अंश ३० मिनिटं हे कुणी १८.३० अंश म्हणून भरलं, तर ते प्रत्यक्षात १८ अंश १८ मिनिटं होतं आणि जागा २२ किलोमीटर सरकते. एवढी मोठी चूक बहुधा पकडली जाते. पण ३०.४५ मिनिटं हे ३० मिनिटं ४५ सेकंद म्हणून वाचलं तर फरक १८ सेकंदांचा, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर. ही चूक नकाशावर टाकली तरी 'त्याच भागात' दिसते, आणि म्हणून सुटते.

आणि कधीकधी आकडा शंभर टक्के बरोबर असतो, फक्त तो भलत्याच गोष्टीचा असतो. ५ डिसेंबर २००१, अफगाणिस्तानात कंदाहारच्या उत्तरेला. अमेरिकी पथकाच्या नियंत्रकाने हातातल्या जीपीएस यंत्रावर शत्रूच्या ठाण्याची जागा काढली होती. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार मध्येच यंत्राची बॅटरी बदलावी लागली. नवी बॅटरी घातल्यावर यंत्र सुरू होताना स्वतःची जागा दाखवतं. तीच जागा बी-५२ विमानाला कळवली गेली. २,००० पौंडांचा बाँब अचूक त्या जागी पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्यासोबतचे काही अफगाण मारले गेले. जवळच असलेले हमीद करझाई, जे पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झाले, थोडक्यात बचावले. आकड्यासोबत 'हे कशाचे आहेत' ही दोन शब्दांची चिठ्ठी गेली असती तर कुणीतरी थबकलं असतं. मेटाडेटा म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी व्याख्या सांगत बसत नाही, ही गोष्ट सांगतो.

समुद्रावर तर सगळंच विरळ. जमीन उपग्रहातून दिसते, समुद्राचा तळ तसा दिसत नाही, आणि तळाचं प्रत्यक्ष मोजमाप झालेला भाग अजूनही थोडाच आहे. ८ जानेवारी २००५ रोजी 'यूएसएस सॅन फ्रान्सिस्को' ही अमेरिकी अणुपाणबुडी पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाच्या आग्नेयेला पूर्ण वेगात जात असताना पाण्याखालच्या डोंगरावर आदळली. एक नौसैनिक दगावला, नव्वदहून जास्त जखमी झाले. वापरात असलेल्या चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, तो डोंगर नव्हता. पण पाणबुडीवरच असलेल्या दुसऱ्या चार्टांवर त्या भागात धोक्याची खूण होती. चौकशीत बोट नेमकं इथे ठेवलं गेलं: उपलब्ध चार्टांची आपसात तुलना झाली नव्हती.

पुढे १७ जानेवारी २०१३ रोजी सुरुंगशोधक नौका 'यूएसएस गार्डियन' फिलिपाइन्सजवळच्या तुब्बाताहा प्रवाळखडकावर चढली. डिजिटल चार्टवर तो खडक प्रत्यक्ष जागेपासून सुमारे ८ सागरी मैल दूर दाखवलेला होता, कारण उपग्रहचित्र चुकीच्या जागी बसवलं गेलं होतं. इथेही नौकेवरच्या वेगळ्या प्रमाणाच्या चार्टवर खडक बरोबर जागी होता. नौकेचे शेवटी तुकडे करून ते उचलून न्यावे लागले.

या दोन घटना मी जोडीने सांगतो, कारण दोन्हींत विरोधाभास हाताशी होता. दोन स्रोत जुळत नाहीत ही कटकट वाटते, पण खरं तर ती फुकट मिळालेली सूचना असते. न जुळणारे थर गुपचूप एकजीव करून देणारी हल्लीची सॉफ्टवेअरं मला म्हणूनच डोळे झाकून वापरवत नाहीत. पडद्यावर एकच स्वच्छ रेघ येते आणि भांडण पोटात जिरून जातं.

नकाशावर एखादी गोष्ट नसणं म्हणजे जमिनीवर ती नसणं असं नाही, हे बोलायला सोपं आहे. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी इटलीत काव्हालेसेजवळ अमेरिकी प्रशिक्षण-उड्डाणातल्या विमानाने रोपवेची तार तोडली आणि पाळण्यातली २० माणसं गेली. वैमानिकांकडच्या नकाशावर ती तार नव्हती. हेही सांगायला हवं की विमान ठरवून दिलेल्या उंचीपेक्षा बरंच खाली उडत होतं. सगळं खापर नकाशावर फोडता येणार नाही. गुणवत्तेच्या बहुतेक अपघातांत हेच दिसतं. नियम नीट पाळले जात असतात तोवर डेटातलं भोक झाकलेलं राहतं.

डेटाच्या पूर्णत्वाचा, म्हणजे त्यात काही राहून गेलंय का याचा, एक किस्सा माझ्या स्वतःच्या कामातला. एका सरावात अवजड वाहनांच्या ताफ्याचा मार्ग आखायचा होता. पुलांचा थर होता, त्यात प्रत्येक पुलाची भारक्षमता होती, मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर होतं. पहाटे साडेतीनला एक सुरेख, आखूड मार्ग निघाला. मी खूश. सवयीने त्या मार्गावरच्या सात पुलांच्या नोंदी एकेक करून उघडल्या, तर त्यातल्या दोघांच्या भारक्षमतेचा रकाना रिकामा! सॉफ्टवेअरने रिकाम्या जागेचा अर्थ 'मर्यादा नाही' असा लावला होता. म्हणजे ज्या पुलांबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं, तेच त्याच्या लेखी सर्वांत मजबूत. तो मार्ग सर्वांत चांगला ठरला होता तो आमच्या अज्ञानामुळे. सकाळी अभियंत्यांचं पथक पाठवलं. एक पूल ठीक निघाला, दुसरा ओढ्यावरची साधी मोरी होती. नंतर ज्यांनी तो थर दिला होता त्यांना विचारलं, तर म्हणाले, "रकाना भरायचा राहिला होता." तेव्हापासून 'माहीत नाही', 'लागू नाही' आणि 'शून्य' यांना तीन वेगवेगळी चिन्हं असल्याशिवाय मी कुठलाही थर स्वीकारला नाही.

याहून कठीण चूक अर्थाची. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादच्या अमिरिया भागातल्या भक्कम तळघरावर दोन लेझर-नियंत्रित बाँब टाकले गेले. नेम अचूक लागला. लष्करी नियंत्रणकेंद्र समजून ज्याच्यावर हल्ला झाला तिथे सामान्य नागरिक आश्रयाला होते. चारशेहून जास्त माणसं गेली. इथे स्थान बरोबर, आकार बरोबर, उंची बरोबर, चुकलं ते 'ही जागा कशाची आहे' हे. भू-डेटाच्या गुणवत्तेचं आयएसओ १९१५७ हे मानक आहे, त्यात स्थानाची अचूकता हा अनेकांपैकी एक घटक आहे. पूर्णता, तार्किक सुसंगती, काळाची आणि विषयाची अचूकता हे बाकीचे. लष्करी लोकांना मीटरमध्ये मोजता येणारा घटक आवडतो, म्हणून बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं. इमारतीचा वापर महिन्याभरात बदलतो आणि त्यासाठी कुठलंही वर्तुळ काढता येत नाही.

उंचीच्या मॉडेलांबद्दल थोडं, कारण विद्यार्थी सर्वांत जास्त तीच वापरतात. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अमेरिकी अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली. फुकट मिळणारा हा डेटा म्हणजे वरदानच. पण ती रडार-लहर दाट झाडीत जमिनीपर्यंत पोचत नाही, शेंड्यांच्या आसपासूनच परतते. उंच कड्यांच्या आड रडारची सावली पडते, तिथे भोकं राहिली आणि ती नंतर इतर डेटाने किंवा अंदाजाने बुजवली गेली. आता या डेटावर 'या टेकडीवरून काय काय दिसतं' हे साधन चालवा. उत्तर येतं हिरव्या-लाल रंगांत, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या. टेहळणीचं ठाणं त्या हिरव्या भागावर भरवसा ठेवून बसवलं जातं, आणि तिथे गेलेला सैनिक वायरलेसवर कळवतो की समोर फक्त झाडं आहेत. मी हे साधन एकदा चालवून कधीच थांबत नाही. उंचीत तिच्या एलई-९० च्या प्रमाणात यादृच्छिक चूक मिसळून, तीही शेजारच्या पेशींत (डेटाच्या छोट्या चौकोनांत) एकमेकींशी जुळणारी, शंभर वेळा चालवतो आणि शंभरपैकी किती वेळा दिसलं ते रंगांत दाखवतो. कडा विरघळतात, नकाशा गचाळ दिसतो, आणि पहिल्यांदाच खरं बोलू लागतो.

माहिती बरोबर असून ती वेळेवर योग्य माणसासमोर नसली तर काय होतं, त्यासाठी अफगाणिस्तानातलं कुंदुझ बघा. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी एसी-१३० विमानातून मारा झाला. ४२ माणसं गेली. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश संस्थेने आधीच कळवले होते आणि ते हल्ला न करायच्या यादीत होते. लक्ष्य दुसरंच होतं, तालिबानच्या ताब्यात गेलेली एक सरकारी इमारत. विमान घाईत निघालं, यादी विमानातल्या यंत्रणेत चढलेली नव्हती. क्षेपणास्त्राचा धोका जाणवल्याने ते नेहमीच्या घिरटीपासून लांब गेलं, आणि तिथून दिलेली जागा टाकल्यावर उपकरणाने मोकळं शेत दाखवलं. मग चालकदलाने वर्णनाशी जुळणारी जवळची मोठी इमारत शोधली. पुढे विमान मूळ घिरटीवर आलं तेव्हा उपकरण बरोबर इमारतीकडे बोट दाखवत होतं, पण तोवर मनात चित्र पक्कं झालं होतं. मारा सुरू होण्याआधी विमानाने मुख्यालयाला जागा कळवली, मुख्यालयाकडे यादी होती, आणि तिथेही कुणी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले नाहीत. भू-डेटाच्या दृष्टीने अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की मूळ डेटा दोन्हीकडे चांगलाच होता.

आता यात मुद्दाम पेरलेल्या चुकांची भर पडलीय. जून २०२१ मध्ये जहाजांची जागा दाखवणाऱ्या एआयएस यंत्रणेवर ब्रिटिश आणि डच युद्धनौका रशियाच्या ताब्यातल्या सेवास्तोपोल या नौदल-तळाच्या अगदी जवळ दिसत होत्या; प्रत्यक्षात त्या युक्रेनमधल्या ओडेसाच्या धक्क्याला बांधलेल्या होत्या आणि तिथल्या वेबकॅममध्ये स्पष्ट दिसत होत्या. नैसर्गिक चूक निदान कुणाच्या बाजूची नसते. पेरलेली चूक तुम्हाला हव्या त्या निर्णयाकडे ढकलण्यासाठीच बेतलेली असते, आणि तिच्यासोबत येणारा मेटाडेटा अगदी नेटका असतो.

निर्णयावर नेमका काय परिणाम होतो, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: वाईट डेटाने निर्णय चुकतो हे अर्धंच खरं. अनुभवी कमांडर वाईट डेटावरही बरा निर्णय घेतात, तो वाईट आहे हे त्यांना माहीत असेल तर. राखीव तुकडी जास्त ठेवतात, आधी माणूस पाठवून बघतात, पर्यायी मार्ग तयार ठेवतात. त्यांचा घात होतो तो मध्यम दर्जाचा डेटा उत्तम म्हणून समोर आल्यावर. आणि तो तसा येतो आमच्यासारख्यांमुळे, कारण सुबक नकाशा दिला की शाबासकी मिळते आणि "साहेब, हे इथे नक्की सांगता येत नाही" म्हटलं की कपाळावर आठ्या पडतात.

उलट टोकही पाहिलंय. एक हुशार विश्लेषक प्रत्येक थराखाली दोन पानांचं अचूकता-विवरण जोडायचा. कुणीही वाचायचं नाही. कमांडरकडे चार मिनिटं असतात. त्याला सीई-९० नको असतं, त्याचा परिणाम हवा असतो. "या गावाच्या जागेत ५० मीटरची चूक असू शकते" हे वाक्य त्याच्या उपयोगाचं नाही. "रस्त्याने जायचं असेल तर काही फरक पडत नाही; तोफा लावायच्या असतील तर शाळा वर्तुळात येते" हे उपयोगाचं आहे. तोच डेटा, तीच चूक, एका कामाला पुरेशी आणि दुसऱ्या कामाला निषिद्ध. म्हणून डेटा चांगला की वाईट, असं मला कुणी मोघम विचारलं तर मी कामाचं नाव विचारतो.

तुम्ही शिकत आहात म्हणून एक गृहपाठ देतो. तुमच्या सध्याच्या प्रकल्पातला कुठलाही एक थर उघडा. त्याचा डेटम कोणता, उंची कशापासूनची, सर्वेक्षणाची तारीख कोणती, रिकाम्या रकान्याचा अर्थ काय, आणि एखादं टिंब किती मीटर इकडेतिकडे असू शकतं, हे पाच प्रश्न त्याला विचारा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी स्वतः तयार केलेल्या थराची दोनच उत्तरं मिळाली होती, आणि तो थर तोवर तीन ठिकाणी वापरात गेला होता.